मी परंपरावादी आहे, तरी "भावना दुखावल्या"च्या तक्रारीवर सही करवत नाहीये

जुन्या_वळणाचा

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण हा विषय डोक्यातून जात नाहीये आणि घरी काढला की दोन मिनिटांत आवाज चढतात, म्हणून इथे टाकतोय.

आधी माझी मतं सांगून टाकतो, मागून कोणी "हे आधी का नाही बोललात" म्हणायला नको. मी परंपरावादी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. लग्न म्हणजे बाई आणि पुरुषाचं असं मला वाटतं, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, हा संसदेचा प्रांत आहे म्हणाले, ते मला पटलं. पण २०१८ मध्ये दंड संहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले तेही पटलं होतं, बंद दाराआड डोकवायचं काम पोलिसांचं नाही. शबरीमला मंदिरातल्या महिलांच्या प्रवेशाच्या निकालात न्या. इंदू मल्होत्रांनी जे एकटीने वेगळं मत लिहिलं ते मला बाकीच्या चौघांपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटलं, श्रद्धेला तर्काची फूटपट्टी कोर्टाने लावू नये. समान नागरी कायदा व्हावा असं वाटतं. लिव्ह-इन मला आवडत नाही, पण उत्तराखंडने त्याची सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली ते त्याहून आवडलं नाही. थोडक्यात मी कुठल्याच गोटात नीट बसत नाही, पण लोक मला "तसला" म्हणतात आणि ते बऱ्यापैकी बरोबर आहे.

आता झालं काय, तर २०२३ च्या निकालावर ऑफिसच्या ग्रुपवर गप्पा चालल्या होत्या. मी एवढंच लिहिलं की निकाल योग्य आहे, लग्नाची व्याख्या बदलायची तर निवडून दिलेल्यांनी बदलावी. शिवी नाही, टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी एचआरचं बोलावणं. काही सहकाऱ्यांना असुरक्षित वाटलं म्हणे, पोस्ट काढा आणि खेद व्यक्त करा. पोस्ट काढली, खेद काही व्यक्त केला नाही, विषय तिथेच थांबला पण तेव्हापासून ग्रुपवर मी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देतो.

हे झालं माझ्यावरचं. आता दुसरी बाजू. आमच्या ओळखीच्या मंडळींत सध्या एका स्टँडअपवाल्याची क्लिप फिरतेय, देवाधर्मावर विनोद केलेत. पाहिली. हसू आलं नाही, चीड आली. मंडळी पोलिसांत तक्रार देणार आहेत, सह्या चालल्यात, आणि कागद माझ्यापर्यंत आलाय. आणि माझा हात पुढे जात नाहीये.

कारण मला सारखे टिळक आठवतात. सामाजिक बाबतीत टिळक परंपरावादीच, १८९१ च्या संमतीवयाच्या (मुलींशी शरीरसंबंधाचं किमान वय वाढवणाऱ्या) कायद्याला त्यांचा विरोध होता, परक्या सरकारने आमच्या घरातल्या चालीरीतींत हात घालू नये म्हणून. आणि त्याच माणसाला १८९७ ला केसरीतल्या लिखाणासाठी राजद्रोहात दीड वर्षाची शिक्षा, १९०८ ला सहा वर्षं मंडालेला. १८९७ च्या खटल्यानंतर इंग्रजांनी पुढच्याच वर्षी राजद्रोहाचं कलम १२४अ आणखी रुंद केलं आणि वर १५३अ हे नवीन कलम आणलं, गटागटांत वैर पसरवण्याचं. म्हणजे ज्या कलमाखाली आज आमची मंडळी तक्रार देणार ते कलम एका परंपरावाद्याला आत टाकल्यानंतर वर्षभरात तयार झालंय. हे मी मंडळींना सांगितलं तर म्हणे तुम्ही फार वाचता.

तर प्रश्न असा: आपल्याला न पटणाऱ्याचं तोंड बंद करायला सरकारला बोलवायचं, आणि आपलं बंद केलं की अन्याय म्हणायचं, हे कसं जमवायचं? का परंपरा जपायची तर बंदी हे हत्यार वापरावंच लागतं? दोन्ही बाजूंनी लिहा, पण शिव्या नकोत.

ठाम_काका

सही करा. एवढा विचार समोरचा करत नाही.

तुम्ही टिळक काढलेत, मी लाहोर काढतो. १९२० च्या दशकात तिथे एका धर्माच्या संस्थापकाबद्दल अत्यंत हीन पुस्तिका निघाली, प्रकाशकावर खटला झाला आणि १९२७ ला हायकोर्टाने त्याला सोडलं, का तर १५३अ मध्ये असला गुन्हाच बसत नाही. लोक रस्त्यावर आले. म्हणून त्याच वर्षी धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं कलम २९५अ आलं. कायदा हवेतून नाही आला, लोकांनी कायदा हातात घेऊ नये म्हणून आला. ज्या समाजात श्रद्धा माणसाच्या जिवापेक्षा मोठी आहे तिथे "बोलू द्या हो" म्हणणं सोपं, दंगल झाल्यावर निस्तरायला कोण जातं?

आणि दुसरं. तुम्हाला एचआरने बोलावलं तेव्हा तुमच्या अभिव्यक्तीसाठी कोण आलं होतं? नाही ना? तुम्ही हत्यार खाली ठेवलंत म्हणून समोरचा ठेवत नाही. तो तुमच्यावर वापरतो आणि वर तुम्हालाच सहिष्णुतेवर लेक्चर देतो. मर्यादा नावाची गोष्ट समाजाला लागतेच, आणि ती जपण्यासाठी दर वेळी समजूतदारपणा पुरत नाही, दंडही लागतो. ही परंपरेचीच शिकवण आहे, तुम्ही परंपरावादी असाल तर.

तिरकस

काका, लाहोरची गोष्ट अर्धीच सांगितलीत. २९५अ आल्यावर दोन वर्षांनी, १९२९ मध्ये, त्या प्रकाशकाचा दुकानात घुसून खून झाला. कायदा होता तरी झाला. तेव्हा कलम असलं की लोक शांत होतात हे काही खरं नाही, उलट काही लोकांना कळतं की भावना जितक्या जोरात दुखावून घेऊ तितकं सरकार लवकर हलतं.

ठाम_काका

एका खुनावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. चोऱ्या होतात म्हणून चोरीचं कलम काढता का.

तिरकस

चोरीत वस्तू गेली की नाही हे बघता येतं. भावना दुखावली की नाही हे दुखावून घेणाराच ठरवतो. फरक आहे थोडा.

वकिलीणबाई

कायद्याचं थोडं स्पष्ट करते, कारण चार वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात शिजतायत.

एक, एचआर. घटनेतलं अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं कलम १९(१)(अ) मुख्यतः सरकारविरुद्ध आहे. तुमची कंपनी खासगी असेल तर तिथे तुमचं नोकरीचं पत्र, आचारसंहिता, कामगार कायदे हे बघायचं. जानेवारी २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमताने असं म्हटलंय की १९ आणि २१ चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील, पण त्याच्या भरवशावर उद्या ऑफिसविरुद्ध रिट टाकायला जाऊ नका. खेदपत्रावर सही केली नाहीत ते बरं केलंत, लेखी काही आलं असेल तर ते जपून ठेवा.

दोन, तक्रार. १५३अ आता भारतीय न्याय संहितेत १९६ आहे आणि २९५अ म्हणजे २९९. २९९ साठी नुसता विनोद वाईट असून भागत नाही, जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो. १९५७ मध्ये सुप्रीम कोर्टाने २९५अ वैध ठरवलं ते हेच सांगून, की निष्काळजीपणे किंवा सहज झालेला अपमान यात येत नाही, उग्र स्वरूपाचाच येतो. हे पोलीस ठाण्यात कोणी वाचत नाही हा भाग वेगळा.

तीन, आणि हे जुन्या_वळणाचा यांच्या मुद्द्याला धरून आहे: या दोन्ही कलमांखाली कोर्टाला दखल घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे खटला उभा राहणार की नाही हे त्या वेळी खुर्चीवर कोण बसलंय यावर बरंच अवलंबून. काकांनी याचा विचार करावा, कारण खुर्ची बदलते.

चार, मोजायचं कोणाच्या मापाने? १९४६ सालचा नागपूर हायकोर्टाचा निकाल आहे, न्या. विवियन बोस यांचा, की शब्दांचा परिणाम खंबीर आणि शहाण्या माणसाच्या नजरेतून बघायचा, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या कमकुवत मनाच्या माणसाच्या नाही. हेच माप सुप्रीम कोर्टाने मार्च २०२५ मध्ये एका खासदाराच्या कवितेवरची एफआयआर रद्द करताना पुन्हा वापरलं, आणि तीन ते सात वर्षं शिक्षेच्या असल्या गुन्ह्यांत पोलिसांनी एफआयआरआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य, असंही सांगितलं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत त्यासाठी चौदा दिवसांची सोय आहे.

अवांतर: कोणी ॲडमिन असाल तर घाबरू नका, मेंबरने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ ला सांगितलंय.

तिरकस

आता माझं जरा लांबणार आहे.

धागाकर्त्यांचा प्रामाणिकपणा आवडला, मी त्यांच्या बहुतेक मतांच्या विरुद्ध आहे. पण परंपरावादी आणि अभिव्यक्ती यांचं नातं टिळकांपाशी सुरू करून तिथेच संपवायचं हे सोयीचं झालं. त्याच काळात आगरकर होते. ते जिवंत असताना सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली. पुढे र. धों. कर्वे. १९२७ पासून समाजस्वास्थ्य मासिक काढत होते, संततिनियमन आणि लैंगिक प्रश्नांवर साध्या भाषेत लिहीत होते, आणि त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले ते काही व्हाइसरॉयला झोप येत नव्हती म्हणून नाही, आपल्यातल्याच सोवळ्या मंडळींना झोंबलं म्हणून. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील कोण होते? डॉ. आंबेडकर. खटला हरले. आज कर्वे जे लिहीत होते ते सरकारी दवाखान्यात भिंतीवर लावलेलं असतं.

म्हणजे तक्रारीचा कागद घेऊन फिरणं ही परंपरावाद्यांची जुनी सवय आहे आणि त्यातला एक जण आज सही करू का म्हणून विचारतोय याचं मला मनापासून बरं वाटलं, फक्त एचआरने बोलावल्यानंतरच हे सुचलं का, एवढं विचारावंसं वाटतं. उत्तर नाही दिलं तरी चालेल.

आता माझ्या बाजूचंही सांगतो. आमच्यातही आहेत असे. २०१२ ला मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली तेव्हा आम्ही सगळे आयटी कायद्याच्या कलम ६६अ च्या विरोधात होतो, २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलम रद्द केलं तेव्हा पेढे वाटले, आणि नंतर न पटणाऱ्या माणसाचं भाषण कॉलेजात ठरलं की ते रद्द करा म्हणून मेल करणारेही आमच्यातलेच. त्या निकालात चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन टप्पे केलेत, पहिले दोन कितीही अप्रिय असले तरी मोकळे, चिथावणीपाशी आलं की मग सरकारचा संबंध. मला हे पाठ आहे. जे आपल्याला आवडत नाहीत त्यांच्या बाबतीतही मी ते नेहमी पाळलंय असं छातीठोकपणे सांगणारे लोक मात्र मला दोन्हीकडे फार कमी भेटले.

जुन्या_वळणाचा

@तिरकस, उत्तर देतो. नाही, आधीपासून आहे. २००४ मध्ये शिवरायांवरच्या एका परदेशी अभ्यासकाच्या पुस्तकावरून पुण्यात भांडारकर संस्थेवर हल्ला झाला होता. त्या पुस्तकातला तो मजकूर ऐकून माझंही रक्त उकळलं होतं, आजही उकळतं, असल्या ऐकीव कुचाळक्या अभ्यास म्हणून छापणं हा निव्वळ नालायकपणा आहे. पण त्या संस्थेतली कपाटं फोडली, हस्तलिखितांची नासधूस झाली, ती कोणाची होती? आपलीच. परंपरेचा खजिना परंपरेच्या नावाने फोडला. पुस्तकावरची सरकारी बंदी २००७ ला हायकोर्टाने उठवली आणि २०१० ला सुप्रीम कोर्टाने तेच कायम ठेवलं. म्हणजे बंदीने काय मिळालं? ज्याने ते नाव ऐकलंही नव्हतं त्याला ते ठाऊक झालं.

@काका, मर्यादा लागते हे शंभर टक्के मान्य. पण मर्यादा शिकवायचं काम घराचं, शाळेचं, देवळाचं, चार वडीलधाऱ्यांचं. ते आपल्याला जमेनासं झालं म्हणून आपण फौजदाराला हाक मारतोय. आणि सरकारने घरात शिरू नये हीच तर आपली मूळ तक्रार आहे ना? संमतीवयाच्या वेळी नको होतं, शबरीमलाला नको होतं, आणि विनोदाला मात्र हवं?

ठाम_काका

वाक्यं छान जुळवता. देवळातले वडीलधारे त्या स्टँडअपवाल्याला कुठे गाठणार आहेत? तो त्यांच्या देवळात येतच नाही. त्याला त्या विनोदाचे पैसे मिळतात, आणि आपण आपल्या घरात बसून मर्यादा शिकवायची.

जुन्या_वळणाचा

हे मात्र खरं आहे. त्याला उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. तिकीट न काढणं, स्पॉन्सरला पत्र लिहिणं, त्याच्याच व्हिडिओखाली नाव लावून झाडणं, एवढं हातात आहे.

नवा_आयडी

मी समलिंगी आहे, तेव्हा धागाकर्त्यांच्या त्या पोस्टचा विषय मीच. हा आयडी खास यासाठीच काढलाय कारण नेहमीच्या आयडीने मला इथले काही लोक प्रत्यक्ष ओळखतात.

तुमच्या ग्रुपात मी असतो तर एचआरकडे गेलो नसतो. "संसदेने ठरवावं" हे मत माझ्या बाजूच्या कित्येक वकिलांचंही आहे. पण ग्रुपवर तुमच्या त्या एका सभ्य वाक्याखाली नंतर काय काय आलं असेल ते मला न बघता सांगता येतं. हसण्याचे इमोजी, "यांना मान्यता दिली तर उद्या कुत्र्यामांजरांशी", कोणाचा तरी मामाकडून आलेला जोक. तुम्ही त्यातलं काही लिहिलं नसणार. कोणी लिहिलं तेव्हा "हे नको" म्हणालात का, एवढंच विचारायचंय. असुरक्षित वाटलं म्हणणारा बहुतेक तुमच्या वाक्याबद्दल बोलतच नव्हता.

बंदी मलाही नको. ३७७ होतं तेव्हा आम्ही आमच्याबद्दल बोलायलाच घाबरायचो, त्यामुळे गप्प बसवलं जाणं म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको. पण "मोकळेपणाने बोलू द्या" म्हणणाऱ्याच्या टेबलावर आम्हीही मोकळेपणाने बोललो तर चालेल का, हा माझा प्रश्न असतो आणि त्याला सहसा पटकन उत्तर येत नाही.

जुन्या_वळणाचा

चालेल. जेवायला बसा, वाद घाला, मी माझं मत बदलीन असं वचन देत नाही. तुमच्यापैकी कोणाला घर नाकारलं, नोकरी नाकारली तर मी त्या नाकारणाऱ्याच्या बाजूने नाही. बेलफास्टच्या बेकरीची केस आहे बघा, केकवर समलिंगी विवाहाला पाठिंब्याची घोषणा लिहायला नकार दिला म्हणून खटला झाला, आणि २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने बेकरीला सोडलं, कारण त्यांचा आक्षेप गिऱ्हाइकावर नव्हता, घोषणेवर होता, ती घोषणा कोणीही मागितली असती तरी त्यांनी नाकारली असती. माणसाला साधा केक नाकारला असता तर निकाल वेगळा लागला असता आणि लागायलाच हवा होता. मला ही रेघ पटते.

खालच्या इमोजींबद्दल: होते. मी काही बोललो नाही. मला ते माझं काम वाटलं नव्हतं.

तिरकस

बेलफास्टवरून: ब्रिटनमधला समलिंगी हक्कांचा जुना कार्यकर्ता पीटर टॅचेल, तोही आधी बेकरीच्या विरोधात होता आणि मग बाजू बदलून म्हणाला की कोणालाच न पटणारी घोषणा लिहायला लावू नये. असे बाजू बदलणारे मला आवडतात, आपल्याकडे त्यांना दोन्हीकडून मार पडतो.

वकिलीणबाई

एक भर घालते, कारण "डावे विरुद्ध उजवे" असं चाललंय. २६ मे १९५० ला सुप्रीम कोर्टाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. एक मुंबईहून निघणाऱ्या डाव्यांच्या क्रॉस रोड्सचा, त्याला मद्रास सरकारने राज्यात यायला बंदी केली होती. दुसरा दिल्लीच्या ऑर्गनायझरचा, संघाच्या विचारांचं साप्ताहिक, त्याला छापण्याआधी मजकूर सरकारला दाखवायचा हुकूम होता. दोघेही जिंकले. सरकारला ते झेपलं नाही आणि साधारण वर्षभरात, १९५१ ला, पहिली घटनादुरुस्ती करून "सार्वजनिक सुव्यवस्था" वगैरे कारणं अभिव्यक्तीवर मर्यादा घालणाऱ्या १९(२) मध्ये घातली. तेव्हाच्या हंगामी संसदेत त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत श्यामाप्रसाद मुखर्जी होते. आज त्यांचे फोटो लावणारे किती जण हे सांगतात माहीत नाही.

आणि काकांना, दंगल होईल या भीतीबद्दल. १९८९ चा रंगराजन निकाल वाचा. जातीवर आधारलेल्या आरक्षणावर टीका करणारा तमिळ सिनेमा होता, म्हणजे त्यातलं मत आजच्या भाषेत प्रचंड वादग्रस्त. निदर्शनं होतील, हिंसा होईल म्हणून तो थांबवा अशी मागणी होती. कोर्ट म्हणालं, धमकीपुढे झुकून अभिव्यक्ती दाबता येत नाही, बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं कर्तव्य आहे, आणि धोका दूरचा, ओढूनताणून आणलेला नको, दारूगोळ्याच्या पिंपात ठिणगी इतका जवळचा हवा. तो निकाल ज्यांच्या उपयोगी पडला ते त्या वेळच्या प्रचलित मताच्या विरुद्ध बोलणारे होते. धागाकर्त्यांसारखे.

पावसाळी_बेडूक

+१. इतका वेळ कोणी कोणाच्या आईवर गेलं नाही म्हणून धागा वाचनखूण म्हणून ठेवलाय.

ठाम_काका

वकिलीणबाई, निकाल वाचले, मुद्दा कळला, पटला म्हणत नाही. माझी सही मी करणारच. पण मंजुरी सरकारची लागते हे मला खरंच माहीत नव्हतं, मंडळींना विचारतो त्यांना माहीत आहे का.

जुन्या_वळणाचा

मी कागद परत पाठवलाय, सही न करता. सोबत त्या क्लिपमधले विनोद का वाईट आहेत यावर पानभर लिहून दिलंय, कुठल्या कथेचा त्याने विपर्यास केला आणि मूळ कथा काय आहे हे सगळं, ते कोणाला हवं तर माझ्या नावाने छापा म्हणालो. अजून कोणी काही बोललेलं नाही, एकाने फक्त अंगठा पाठवलाय. वकिलीणबाई, एक विचारायचं राहिलं, त्या लिखाणात मी त्या माणसाला "मूर्ख" म्हटलंय, ते राहू देऊ का काढू?

वकिलीणबाई

विनोद मूर्खपणाचे आहेत म्हणा, माणसाला म्हणू नका. केस उभी राहणार नाही तशीही, पण नोटीस आली की उत्तराचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतील.